हरळी आणि पांढरे बूट

आश्विन उतरणीला लागला की मी पांढरे बूट कपाटातून काढतो आणि ओसरीवर उन्हात ठेवतो. होळीपासून दिवाळीपर्यंत ते कपाटात पडून असतात, त्यामुळे त्यांना कुबट वास आलेला असतो. आधी ओल्या फडक्यानं पुसायचे, मग शाळेत पीटीच्या बुटांना लावायचो तसा खडू भिजवून लावायचा. हे काम मी सकाळीच काढतो आणि नेमकी तीच वेळ कापूस वेचायला निघालेल्या बायांची. डोक्याला फडकं, कमरेला ओटीचं कापड, हातात डबा, अशा चार-सहाच्या टोळीनं त्या माझ्या घरावरून जातात. एखादी बुटांकडे बघते, मग माझ्याकडे बघते. मी लगेच पेपर वर धरतो. त्यात वाचण्यासारखं काही नसतं.

खरं म्हणजे आमच्या बोरी अरबला हे दिवस फार चांगले. सोयाबीन निघून गेलेलं असतं, त्याच्या कुटाराचा, म्हणजे भुश्याचा, सुका, गोडसर वास धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं पसरलेला असतो. तूर पिवळी फुललेली. हवेत कापसाची बारीक लव तरंगते आणि अर्धं गाव शिंकत असतं. उन्हाची धग गेलेली असते आणि थंडी अजून यवतमाळहून निघालेल्या एसटीसारखी वाटेतच कुठेतरी अडकलेली असते. माणसानं अशा दिवसांत खूष असावं. मी तीस वर्षं दारव्ह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, या ऋतूवर पोरांकडून निबंध लिहून घेतले, ‘प्लेझंट’ हा शब्द नसेल तर एक मार्क कापला. आणि आता हा ऋतू आला की मला लाज वाटते. गोष्ट चारचौघांसमोर घडलेली आहे. तिथं हजर असलेल्यांपैकी कुणाला फारसं काही वाटलं नाही, पण त्यानं माझी लाज कमी होत नाही.

तर, आमच्या गावात लॉन बोल्सचा क्लब आहे. हे वाक्य मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा ते आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात. पण आहे. जुन्या बंद जिनिंगच्या आवारात, जिथं एकेकाळी कापसाच्या गंज्या लागायच्या, तिथं चाळीस पावलं लांबीची हिरवळ आहे, भोवती पन्हळ आहे, फाटक आहे, आणि फाटकाला पाटी आहे. पाटीवर अक्षर माझं आहे.

खेळ दिसायला सोपा. एक लहान पांढरी गोळी पुढे लोटायची, मग प्रत्येकानं आपापले मोठे गोळे जमिनीवरून घरंगळत सोडायचे. ज्याचा गोळा त्या गोळीच्या सर्वांत जवळ, तो जिंकला. गंमत अशी की हे मोठे गोळे सरळ जात नाहीत. त्यांची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित चपटी असते, त्यामुळे वेग कमी झाला की ते त्या अंगाला वळतात. ज्याला गोळा गोळीपाशी न्यायचा, त्यानं तो भलतीकडे सोडायला शिकावं लागतं. टीव्हीवर आपल्या देशाच्या बाया हा खेळ खेळताना दिसल्या, आम्ही निवृत्त मंडळी चहाच्या टपरीवर त्याबद्दल बोललो, आणि रिकाम्या माणसांचं जे होतं ते झालं. बाया खेळताना पाहून आम्हाला खेळ सुचला, हे ध्यानात ठेवा. मी मात्र ते विसरलो.

पहिले गोळे यूसुफभाईंनी केले. यूसुफभाई म्हणजे आमच्या गावचे खरादी. बाजेचे पाय, पाळण्याचे खूर, लाटणी, सगळं त्यांच्या खरादेवर निघतं. त्यांनी शिसवाचे बारा गोळे असे काढले की हात फिरवत राहावं. सुबक, गुळगुळीत, आणि एकदम गोल. सोडले तर दोरी धरल्यासारखे सरळ गेले. मी या खेळाचं मागवलेलं इंग्रजी पुस्तक उघडून त्यांना सांगितलं, की एक बाजू थोडी मारावी लागेल, गोळा वळला पाहिजे. यूसुफभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

“सर, चाळीस साल झाले मले खराद चालवून. लाटणं जराक तेढं निंगालं का बाया वापस आणून देतात. आता तुमी म्हणता मुद्दाम तेढं करा.”

आठ दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. नवव्या दिवशी बारा गोळे घेऊन आले, प्रत्येकाची एक बाजू मारलेली, आणि चपटी बाजू ओळखू यावी म्हणून तिथं पितळेचा छोटा खिळा ठोकलेला. “आता जिकडं पाह्यजे तिकडं वळतीन,” म्हणाले, आणि स्वतःच पहिला सोडून बघितला.

जागेची मात्र आम्ही शोभा करून घेतली. आमच्यातल्या एकानं स्वतःच्या शेताचा तुकडा दिला, आणि आम्ही सुशिक्षित माणसांनी काळ्या कसदार मातीत मैदान केलं. हिवाळाभर बरं चाललं. फाल्गुन लागला तशी माती फाटली. एका संध्याकाळी कंपाउंडर साहेबांचा गोळा चालता चालता दिसेनासा झाला. भेगेत गेला होता. कोपरापर्यंत हात घालून काढावा लागला. शेजारच्या वावरात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या बाया हसत होत्या, आणि त्यातली एक धुऱ्यावर येऊन म्हणाली, “काळ्या मातीत अंगण करते का कोणी? आमी खळं करतो तं मुरमाड पाह्यतो. जिनिंगात जा नं. तिथली जमीन पिढ्यान्पिढ्या चोपली हाये.”

ती कौसाबाई. नदीच्या अंगाला राहणारी, पंचेचाळीस-पन्नाशीची, वावरातलं तण निंदणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारी. गावात कुणाच्या वावरात किती तण आहे, हे मालकाच्या आधी तिला माहीत. आम्ही अकरा माणसं महिनाभर ज्यावर डोकं खाजवत होतो ते तिनं हातातली पऱ्हाटी न सोडता सांगितलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हेही ध्यानात ठेवा.

मला जो एकच ऋतू आठवत राहतो तो त्यानंतरचा, आषाढापासून दिवाळीपर्यंतचा. जिनिंगचं आवार कौसाबाईच्या सांगण्यावरून तयार झालं. आम्ही पाण्याची लेव्हल आणली होती, नळीची. तिनं ती बाजूला ठेवायला लावली आणि बादलीभर पाणी जमिनीवर ओतलं. पाणी जिथं थांबलं तिथं माती टाकली, पुन्हा पाणी, पुन्हा माती. “पान्याले इचारा, थे बरोबर सांगते,” म्हणाली. खळ्यासारखी चोपून जमीन बसवली, वर गाळाची बारीक माती दिली, आणि मग प्रश्न आला गवताचा.

पुस्तकात नाना इंग्रजी नावं होती. चौकशी केल्यावर कळलं, की त्यातलं आपल्याकडे नीट टिकेल असं गवत म्हणजे साधी हरळी. हरळी! आमच्याकडे हरळीचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. खणून काढा, जाळा, एक कांडी राहिली तरी पुन्हा हजर. कौसाबाईचा अर्धा जन्म ती उपटण्यात गेलेला. मी तिला म्हटलं, “कौसाबाई, हरळी लावायची आहे.” ती आधी समजलीच नाही. समजली तेव्हा धुऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“सर, जल्मभर उपटली, आता लावाले सांगता? लोकाइले सांगू नका, मले कोणी निंदाले बोलावणार नाही.”

पण लावली. आणि कशी लावली! दिवसा ज्यांच्या वावरात निंदणाला जायची, तिथून उपटलेली हरळी पोत्यात भरून संध्याकाळी जिनिंगात आणायची. सहा बाया वाकून एका ओळीत सरकायच्या, वीतभर अंतरावर एकेक कांडी खोचत. वरून श्रावणातली भुरभुर, खाली त्यांची पावलं त्या ओल्या मातीत उमटलेली, आणि मध्ये मध्ये हसणं. माती दाबायला दुसरं अवजार नव्हतं. कांडी खोचली की टाचेनं हलकं दाबायचं, पुढे सरकायचं. फाटकापाशी सहा जोड चपला काढून ठेवलेल्या असत. मी छत्री धरून कडेला उभा असे, देखरेख म्हणून. कसली देखरेख करत होतो ते मला आजही सांगता येणार नाही.

ठरलेलं काम संपलं, बाकीच्या बाया गेल्या, कौसाबाई मात्र येत राहिली. संध्याकाळी घरी जाताना वळायचं, चपला बाहेर काढायच्या, आत येऊन चवड्यावर बसायचं आणि हरळीत उगवलेलं दुसरं तण खुरप्यानं काढायचं. तिला कुणी बोलावलं नव्हतं. “लावली तं पाहा लागते,” एवढंच म्हणायची. भाद्रपदात हिरवळ जमिनीला धरली. गणपतीच्या आसपास आम्ही एका कडेला खेळायला लागलो आणि एका संध्याकाळी यूसुफभाईंनी सहज एक गोळा तिच्या हातात दिला.

तिनं तो हातात तोलला, पितळेच्या खिळ्यावर अंगठा फिरवला, दोन-तीनदा सोडून बघितला, आणि कसा वळतो ते पाहून म्हणाली, “हे तं गायीवाणी हाये. सिधी हाकलली का आडवी पळते. बाजूनं हाकलली का आपल्या आपण गोठ्यात जाते.” मी हीच गोष्ट आमच्या मंडळींना फळ्यावर आकृती काढून तीन दिवस समजावत होतो. त्या लहान पांढऱ्या गोळीला आम्ही इंग्रजी नावानं जॅक म्हणत होतो. तिनं तिचं नाव ‘नवरदेव’ ठेवलं, कारण सगळ्या वऱ्हाडाला त्याच्याच बाजूला बसायचं असतं. आठवडाभरात सगळेच नवरदेव म्हणायला लागले. मीही म्हणायचो.

आता लाजेच्या जवळ आलो आहे, तर मुद्दाम सावकाश लिहितो.

दिवाळीच्या आधीची एक संध्याकाळ. पलीकडे वावरात कापूस फुटलेला, उजेड उतरत असताना तो पांढरा रंग अजून जास्त पांढरा दिसतो तशी वेळ. माझे तीन गोळे नवरदेवाला वेढून बसले होते. मी खूष होतो. तीस वर्षं मुलांना जिंकू देत नव्हतो, तोच हा आनंद. कौसाबाईचा शेवटचा गोळा राहिला होता. तिनं तळवा पदराला पुसला, डावा पाय पुढे टाकला आणि गोळा पार उजवीकडे, भलतीकडेच सोडला. मी म्हणालोही, “गेला.” गोळा रमतगमत गेला, मंद झाला, मग काही आठवल्यासारखा वळला आणि माझ्या दोन गोळ्यांच्या मधून येऊन नवरदेवाला टेकला. आवाज झाला, टक्. यूसुफभाई मोठ्यानं हसले.

“नशीब,” मी म्हणालो.

“हो सर, नशीबच,” ती म्हणाली, आणि खुरपं घेऊन तण काढायला बसली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्याही. त्यानंतर मी म्हणायला लागलो, की क्लबला आता शिस्त हवी.

मुलानं पुण्याहून नियमांची इंग्रजी पुस्तिका छापून पाठवली होती. मी तिचा मराठी तर्जुमा केला, रात्रंदिवस नाही पण बरेच दिवस. पुस्तिकेत पुष्कळ गोष्टी होत्या. समोरच्याचा गोळा चांगला पडला तर मोकळ्या मनानं दाद द्यावी, अशीही सूचना होती. पाटीवर जागा मर्यादित, तेव्हा निवड करावी लागली. दाद देण्याची सूचना मी गाळली. बुटांची घेतली. सपाट तळाचे बूट घालावेत, हिरवळीला खड्डे पडू नयेत म्हणून. मी पाटीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत. तेव्हा मी मनात काय बोलत होतो, हे मला नीट आठवतं. ‘नियम सगळ्यांना सारखा.’ दिसायला किती सोज्वळ वाक्य आहे! पण गावात अकरा-बारा घरांतच तसले बूट येणार होते, आणि कोणत्या घरांत येणार नव्हते, हे मला माहीत होतं. पायांत काहीच नसेल तर खड्डे पडणारच नाहीत, हेही मला माहीत होतं. श्रावणभर मी छत्रीखाली उभा राहून तेच तर पाहिलं होतं.

उद्घाटन दिवाळीनंतरच्या रविवारी होतं. यवतमाळहून मोठे पाहुणे येणार होते. फाटकाला झेंडूच्या माळा, यूसुफभाईंनी गोळ्यांना तेल लावून चमकवलेलं, त्यांच्या पायांत नातवाचे कॅनव्हासचे बूट, एक नंबर लहान, म्हणून किंचित लंगडत चाललेले. आम्ही अकरा जण पांढऱ्या बुटांत, बँडवाल्यांसारखे. मी फाटकाशी स्वागताला उभा होतो.

कौसाबाई आली. धुऊन घडी मोडलेलं हिरवं लुगडं, केसांत शेवंतीचं फूल. रोजच्यासारख्या तिनं फाटकाबाहेर चपला काढल्या, कडेला नीट जोडीनं लावल्या आणि आत पाऊल टाकलं. मी हात आडवा केला. मारायला वगैरे नाही. नुसता आडवा, वर्गात उशिरा आलेल्या मुलाला अडवतात तसा.

“बूट?” मी विचारलं.

तिनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. “कायचे बूट, सर?”

तिच्या मागे रस्त्यावर पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. मला घाई झाली, किंवा घाईचं निमित्त मिळालं. मी बोट वर करून म्हणालो, “पाटी वाचा, बाई.”

पाटी वाचा, बाई. तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. मी शिक्षक होतो. एखाद्याला वाचता येत नसेल तर त्याला वाचून दाखवणं हाच माझा जन्मभराचा धंदा. आणि ‘कौसाबाई’ म्हणायचं सोडून ‘बाई’ म्हणालो, कारण पाहुणे ऐकतील असं वाटलं.

तिनं पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “जाऊ द्या सर. चायचं पाहा लागन कोणाले तरी.” आणि चपला घालून बाहेरच्या मांडवात चहावाल्याच्या मदतीला गेली.

एवढंच झालं. यानंतर जे झालं ते सांगितलं नाही तर ही कबुली अर्धीच राहील. पाहुणे आले. त्यांच्या पायांत काळे चामडी बूट, टाच कडक. हिरवळीला सकाळीच पाणी दिलेलं. ते ऐटीत मधोमध चालत गेले आणि मी त्यांच्या बाजूनं, किंचित मागे, हात बांधून चाललो. प्रत्येक पावलाला हरळीत टाच रुतत होती, आणि तिचा आवाज मला ऐकू येत होता. पाहुण्यांनी गोळा सोडला, तो पन्हळीत गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पाटी वाचा, साहेब, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मांडवातून कौसाबाई कपांचा ट्रे घेऊन फाटकापर्यंत आली आणि तिथून पुढे ट्रे दुसऱ्याच्या हातात देत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर टाचांचे सगळे खड्डे बुजलेले होते. बारीक माती भरून, वर कांडी खोचून, हलकं दाबून. यूसुफभाईंचं दुकान जिनिंगला लागूनच. खरादेची धूळ झटकत ते म्हणाले, “कौसाबाई आलती उजाडताच. म्या म्हटलं, ऱ्हाऊ दे. तं म्हणे, लावली तं पाहा लागते. एवढ्या बारीले आत जाऊ दे, मंग नाही येत.”

मग ती आली नाही. यूसुफभाईंकडूनच कळलं, की जिनिंगसमोरचा रस्ताही तिनं सोडला. वावरात जायला ती पलीकडच्या पांधणीनं, शेतांमधल्या गाडीवाटेनं जाते, काट्याचिखलातून, अर्धा कोस जास्त.

क्लब मात्र वाढला. वाढणारच, हरळीला नि क्लबला एकदा जमीन मिळाली की झालं. दारव्ह्याहून, दिग्रसहून लोक येतात. गवत कापायचं यंत्र आलं, पाणी फवारणारी नळी आली. दिल्लीहून रंगीत गोळे मागवले. यूसुफभाईंचे शिसवी गोळे काचेच्या कपाटात गेले, शोभेला. ते खेळायला येतात, पण नवे गोळे हातात घेताना दरवेळी खिळा शोधतात. नवरदेव पुन्हा जॅक झाला. वर्तमानपत्रात आमचा फोटो आला, त्यात मी मधोमध आहे आणि माझे बूट फार पांढरे आलेत.

मध्ये एकदा मी एक गोष्ट केली, तीही सांगून टाकतो. यवतमाळच्या बाजारातून बायकांचे पांढरे बूट आणले, अंदाजानं पाच नंबरचे. ती पेटी घेऊन दोनदा पांधणीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. पेटी अजून कपाटात आहे. दुरुस्ती पाटीची करायची सोडून मी तिच्या पायांची करायला निघालो होतो, एवढं कळायला मला वर्ष लागलं. म्हणजे इंग्रजी शिकवलं तरी माणूस शहाणा होतोच असं नाही.

आणि यंदा हिरवळीत मोथा आला. पावसाळ्यात कोपऱ्यात दिसला, आश्विनात मधोमध. यंत्रानं कापला की दोन दिवसांत हरळीच्या वर मान काढतो. जमिनीखाली त्याच्या गाठी असतात, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी. आमच्या मंडळींनी ओढून पाहिला, पात तुटून हातात येते आणि गाठ खालीच राहते. औषध मारावं तर हरळीही जळेल. दिवाळीनंतर खेळ सुरू व्हायचा आणि मैदानावर हे असं. यूसुफभाई एवढंच म्हणाले, “सर, कोणाले बोलवा लागते हे तुमाले मालूम हाये.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण मला वाटेत आठवली. तिच्यातलं गाढव कोण, याचा विचार केला आणि मान खाली घालून चालत राहिलो. गरज नसती तर गेलो असतो का? नाही. ही लाज त्या पहिल्या लाजेच्या वरची.

ती कापसात होती. दोन्ही हातांनी बोंडं वेचत होती, ओटी फुगलेली. मला पाहून थांबली नाही, पण हात हळू झाले. मी दोन वर्षं मनात घोकलेली माफी मागायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, “कौसाबाई, हिरवळीत मोथा आलाय.”

“कोणत्या अंगाले?”

“मधोमध.”

“पाणी जास्त देऊन राह्यले असान.” तिनं एक बोंड ओटीत टाकलं. “गाठ काढा लागते त्याची. ओढून जमत नाही.” मग पुढच्या झाडाकडे सरकत म्हणाली, “उद्या येईन सकाळी. मले आत येऊ देसान नं, सर?”

मी “हो” म्हणालो. रात्री ठरवलं, की सकाळी ती येण्याआधी जाऊन पाटी काढून टाकायची. म्हणून लवकर उठलो, पण सवयीनं पाय बुटांत गेले, बूट आदल्याच दिवशी खडू लावून ठेवलेले. पोचलो तर ती आधीच आलेली. फाटकाबाहेर चपला काढून, नीट जोडीनं लावून, हातात खुरपं घेऊन ती पाटीखाली उभी होती. दव पडलेलं, हरळी ओली, मोथा तेवढा वर मान काढून उभा.

“सर,” ती म्हणाली, “आधी पाटी वाचून दाखवा. त्या दिवशी तुमी म्हटलं वाचा, मले काही येत नाही.”

मी वाचायला लागलो. माझंच अक्षर, माझीच भाषा, आणि माझा आवाज मला परका लागत होता. “हिरवळीवर सपाट तळाचे बूट घातल्याशिवाय कोणीही प्रवेश करू नये. आदेशावरून.”

ती पुढचं ऐकायला थांबली. “बस? एवढंच हाये?”

“एवढंच.”

“माह्यं नाव नाही त्याच्यात?”

“नाही. तुमचं नाव कशाला असेल?”

तिनं पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं, जणू आता पाटी तिला जरा लहान दिसत होती. “तुमी बोट दाखवलं नं सर, तं मले वाटलं माह्यं नाव लिवलं असन. कौसाबाईले आत घेऊ नका म्हणून. येणारा-जाणारा वाचत असन, म्हणून मी पांधनीनं जाऊन राह्यली.”

रागावून म्हणाली नाही. मोठं ओझं खाली ठेवल्यावर माणूस बोलतो तसं, मोकळं होऊन म्हणाली. मग अनवाणी आत गेली, मधोमध जाऊन चवड्यावर बसली आणि पहिल्या मोथ्याच्या बुडाशी खुरपं घातलं.

माझ्या पायांत बूट होते, सपाट तळाचे, पांढरेशुभ्र. नियमानं मला आत जायला काहीच हरकत नव्हती. मी पाटीखालीच उभा राहिलो.